पांढरी कव्हरं

मँचेस्टरच्या चॅरिटी शॉपमधल्या बाईंनी तिसरं खोकं उघडलं, वरची एलपी बाहेर काढली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि हळुवार हातानं परत ठेवून दिली. मामाचे कोट त्यांनी घेतले होते. पुस्तकं घेतली होती. मामीनं काचेच्या कपाटात चाळीस वर्षं जपलेला डिनर सेटसुद्धा घेतला होता. हे एकच खोकं त्यांनी काउंटरवरून माझ्याकडे सरकवलं. "या आम्हाला विकता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. कव्हरवर कंपनीचं नाव नाही, लेबलं कोरी, म्हणजे बूटलेग, परवानगीशिवाय चोरून छापलेल्या. असा माल विकणं कायद्यात बसत नाही. मी खोकं उचललं आणि रिमझिम पावसात ते कोटाच्या आत धरून घरी आले. मामा जाऊन दोन महिने झाले होते, मामी लेकीकडे राहायला जाणार होती, आणि मी पुण्याहून तीन आठवड्यांची रजा काढून घर आवरायला गेले होते.

दुकानातल्या बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. तरी ते मनाला लागून राहिलं, ते मामामुळे. बसमध्ये कंडक्टर आपल्यापर्यंत पोचला नाही तर उतरताना त्याला हाक मारून पैसे देणारा माणूस तो. दवाखान्यातलं पेन चुकून खिशात राहिलं तर दुसऱ्या दिवशी परत नेणारा. त्याच्या कपाटात चोरीच्या तेरा एलपी? आणि त्याही लपवलेल्या नव्हत्या. बैठकीच्या खोलीत, खालच्या फळीवर, बडे गुलाम अलींच्या शेजारी उभ्या होत्या.

तेरा एलपी, सगळ्या एकाच बँडच्या. बीटल्सच्या. पण दुकानात मिळणाऱ्या नव्हेत. १९६२ ते १९६५ या वर्षांत ती चार मुलं बीबीसी रेडिओसाठी जे गायली, वाजवली, ते कुणीतरी कुठून कुठून गोळा करून, गुपचूप छापून विकलेलं.

बूटलेग एलपी हातात घेतली की आधी डोळ्यांना कळतं. कव्हर जाड, पांढरं, थोडंसं मेणचट, आणि त्यावर रबरी शिक्का मारलेला किंवा एका रंगातला झेरॉक्ससारखा कागद चिकटवलेला. लेबलावर काहीच नाही, नुसता पांढरा गोल. रेकॉर्डच्या शेवटी, जिथे गाणं संपतं आणि लेबल सुरू होतं, त्या गुळगुळीत पट्टीवर हातानं कोरलेला नंबर असतो. दिव्याखाली तिरकी धरली तरच दिसतो. तेवढीच काय ती छापणाऱ्याची खूण. १९६९ साली लॉस एंजेलिसमध्ये बॉब डिलनची न छापलेली गाणी अशाच कोऱ्या पांढऱ्या कव्हरात निघाली, आणि रॉकच्या दुनियेत हा धंदा खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाला. कव्हर पांढरं, कारण नाव छापलं तर पकडलं जाण्याची भीती. पुढे त्या पांढऱ्या रंगाचीच एक ओळख झाली.

ही गाणी मुळात रेडिओवर का होती, हे मला मामानंच सांगितलं होतं. मी बारा-तेरा वर्षांची असताना तो सांगलीला आला होता, तेव्हा. त्या काळात बीबीसीला रेकॉर्ड लावायला तासच बांधून दिलेले होते. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी झालेला करार होता तो, 'नीडल टाइम' म्हणायचे त्याला. रेडिओवर दिवसभर रेकॉर्डी वाजल्या तर हाडामांसाच्या वादकांनी खायचं काय, आणि रेकॉर्डी विकत कोण घेणार, असा विचार त्यामागे होता. मग उरलेल्या वेळात काय वाजवायचं? बँडला स्टुडिओत बोलवायचं, गाणी ताजी वाजवून घ्यायची आणि ती लावायची. बीटल्स अशा ५२ कार्यक्रमांत वाजले. ८८ वेगवेगळी गाणी, एकूण २७५ वेळा. त्यांतली ३६ गाणी त्यांनी त्या काळात रेकॉर्डवर कधी आणलीच नाहीत. १६ जुलै १९६३ या एका दिवशी लंडनच्या पॅरिस थिएटरमध्ये त्यांनी तीन कार्यक्रमांची मिळून १८ गाणी ध्वनिमुद्रित केली. हा आकडा सांगताना मामाचा आवाज चढायचा. "अठरा! आणि त्याच वर्षी गावोगाव कार्यक्रम चालूच. पोरं वीस ते तेवीस वर्षांची गं."

मग त्या फितींचं काय झालं? पुसल्या.

टेप महाग होती, कपाटं भरलेली होती. कार्यक्रम हवेत गेला की त्याचं काम झालं, असा हिशोब. त्याच टेपवर पुढच्या आठवड्याचा कुणाचा तरी कार्यक्रम. पोरासोरांचं गाणं जपून ठेवायची वस्तू आहे, असं ज्यांच्या हातात किल्ल्या होत्या त्यांना वाटलं नाही. फार थोडं उरलं. परदेशी रेडिओकेंद्रांना पाठवण्यासाठी बीबीसी काही कार्यक्रम तबकड्यांवर छापायची, त्यांतल्या काही वाचल्या. आणि बाकीचं? बाकीचं वाचलं ते घराघरांत. ज्या पोरांकडे टेपरेकॉर्डर होता त्यांनी तो रेडिओजवळ आणला, कुणी तार जोडली, कुणी नुसता माइक स्पीकरसमोर धरला. त्या स्पुला वर्षानुवर्षं माळ्यावर पडून राहिल्या, मग हातोहात फिरल्या, एकाची दुसरी, दुसरीची तिसरी प्रत झाली, आणि त्यांतूनच या पांढऱ्या एलपी निघाल्या.

पुण्याला आल्यावर पहिली बाजू लावली तेव्हा गाण्याआधी आली ती हवा. सुईची खरखर आधी, तिच्याखाली टेपची सळसळ, आणि तिच्याही खाली मिडियम वेव्हची ती शीळ, स्टेशन किंचित सरकलं की येते ती. तीन थर. मग ब्रायन मॅथ्यू या निवेदकाचा स्वच्छ, शाळेतल्या लाडक्या मास्तरांसारखा आवाज. मग एकदम गिटार. आवाज मोठा होतो, विरतो, पुन्हा येतो, जणू कुणी दाराशी उभं राहून गातंय आणि दार वाऱ्यानं हलतंय. एका एलपीवर सगळ्यांचे आवाज चिमुकले, घाईत असल्यासारखे येतात. मूळ टेपचा वेग कुठल्यातरी प्रतीत चुकला असणार. कव्हरच्या कोपऱ्यात मामानं बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, 'वेग जास्त. आवाज खरे असे नव्हते.'

एका गाण्यात मध्येच दार लागल्याचा आवाज येतो. स्टुडिओतलं दार नव्हे ते. घरातलं, हलक्या लाकडाचं, ओढून घेतलेलं. मी सुई मागे नेऊन तो आवाज पाच-सहा वेळा ऐकला. इंग्लंडातल्या कुठल्यातरी घरात १९६३ साली कुणीतरी चहा घेऊन आत आलं असेल, आणि माइक धरून बसलेल्या पोरानं नुसते डोळे मोठे करून गप्प राहायला सांगितलं असेल.

मला हा आवाज ओळखीचा आहे. आमच्या घरातही तो आहे.

शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीची अखिल भारतीय संगीत सभा लागायची. बाबा नऊ वाजल्यापासून तयारीला लागायचे. टेपरेकॉर्डर रेडिओशेजारी, दोन्हींच्या खाली घडी केलेला टॉवेल, म्हणजे टेबलाची धडधड नको. खिडकी बंद, पंखा बंद. उन्हाळ्यात आम्ही घामानं निथळत बसायचो. निवेदिकेचं हिंदी आणि इंग्रजी संपत आलं की बाबा दोन बटणं एकदम दाबायचे, आणि ती खटक कॅसेटवरही उमटायची. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांत संपते, आणि ख्याल काही तिला विचारून वाढत नाही. द्रुत ऐन रंगात आलेलं असताना बाबा झेप घेऊन कॅसेट उलटवायचे. म्हणून आमच्याकडच्या प्रत्येक मालकंसाला मधोमध एक खड्डा आहे, आठ-दहा सेकंदांचा. आजही तो राग कुणाकडून अखंड ऐकताना त्या जागी माझा जीव थोडा वर येतो. आणि त्यांतल्या एका कॅसेटवर, विलंबितात, गायक सम गाठतो आणि लगेच एक बारीक आवाज येतो, "आई, पाणी." ती मी आहे. तीन वर्षांची. नंतर बांगड्यांचा आवाज, मग माठावरच्या झाकणाचा. ती आई. तिच्या बांगड्यांचा आवाज आता त्या कॅसेटशिवाय कुठेच नाही. गाणारे कोण होते, ते बाबांनी कॅसेटवर लिहायचं राहून गेलं.

हे सगळं मी प्रेमानं लिहितेय, पण या प्रेमाची एक दुसरी बाजू मला ठाऊक आहे आणि ती मी बाजूला सारू शकत नाही. माझी एक मैत्रीण गाते. चार वर्षांपूर्वी तिच्या एका घरगुती बैठकीचं ध्वनिमुद्रण कुणीतरी मोबाइलवर केलं आणि नेटवर टाकलं. त्या दिवशी तिला ताप होता. यजमानांचा शब्द मोडवेना म्हणून गायली, वरचा षड्ज लागत नव्हता, तरी रेटलं. आता तिचं नाव शोधलं की आधी तेच गाणं येतं. ती रडली नाही, चिडली. "माझं वाईट गाणं हेही माझंच आहे," ती म्हणाली. "ते कुणाला ऐकवायचं आणि कुणाला नाही, हे मी ठरवणार." तिचं शंभर टक्के बरोबर आहे. या तेरा एलपींचा एक पैसाही त्या चौघांना मिळाला नाही, ज्यांनी ती गाणी लिहिली त्यांना नाही, बीबीसीला नाही. कुणीतरी रात्री कारखान्यात त्या छापून घेतल्या आणि बाजारात रोखीनं विकल्या. त्या माणसाला गाण्याबद्दल माया होती की फक्त पैशांची, ते पांढऱ्या कव्हरावरून कळत नाही. मायाच होती असं मानायला मला आवडेल, पण आवडण्यानं ते खरं होत नाही.

आणि तरीही, एक गोष्ट मी कितीदा आठवते. बीबीसीच्या या गाण्यांची अगदी सुरुवातीची एक बूटलेग १९७१ च्या सुमारास निघाली होती. बँड तेव्हा फुटलेला, त्यातली गाणी लिहिणारी जोडी, लेनन आणि मॅकार्टनी, यांच्यात कडवटपणा विकोपाला गेलेला. ती रेकॉर्ड लेननच्या हाती लागली. त्याला वाटलं, ही आपली १ जानेवारी १९६२ ची डेक्का कंपनीतली चाचणी, जिच्यात आपल्याला नाकारलं होतं. ती नव्हती, रेडिओवरची गाणी होती. पण तसं समजून त्यानं ती रेकॉर्ड मॅकार्टनीला पाठवली. एकमेकांशी धड बोलणं राहिलं नसताना चोरीची रेकॉर्ड पाठवली. स्वतःचाच आवाज त्याला चोराकडून परत मिळाला होता, आणि तो एकट्यानं ऐकवेना.

१९८२ साली, पहिल्या कार्यक्रमाला वीस वर्षं झाली म्हणून, केव्हिन हाउलेट यांनी बीबीसीवर या गाण्यांचा मोठा कार्यक्रम केला आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. मग १९९४ च्या नोव्हेंबरात अधिकृत संच आला, ५६ गाण्यांचा, देखणा, साफसूफ केलेला. त्यात २६ जानेवारी १९६३ च्या 'सॅटरडे क्लब' कार्यक्रमातलं 'कीप युवर हँड्स ऑफ माय बेबी' घ्यायचं होतं, तर ते बीबीसीकडे नव्हतंच. एका श्रोत्यानं घरी केलेल्या टेपवरून घ्यावं लागलं. 'आय विल बी ऑन माय वे' हे लेनन-मॅकार्टनींनी दुसऱ्या गायकाला देऊन टाकलेलं गाणं, ते त्यांनी स्वतः गायलेलं फक्त या रेडिओच्या ध्वनिमुद्रणातच आहे. पुढे युरोपात कायदा बदलला. ध्वनिमुद्रण पन्नास वर्षांत प्रसिद्ध केलंच नाही तर त्यावरचा हक्क जाणार, म्हणून २०१३ च्या डिसेंबरात त्यांच्या कंपनीनं १९६३ ची ५९ ध्वनिमुद्रणं घाईनं इंटरनेटवर विकायला ठेवली. त्या संचाच्या नावातच 'बूटलेग' हा शब्द घातला. तेव्हा मामा ऐंशीच्या पुढे गेलेला. फोनवर मला म्हणाला, "आता त्यांनी आमचंच नाव घेतलं." आमचं. तो स्वतःला त्या पोरांत धरत होता, माइक धरून बसलेल्या.

खरं तर त्यानं कधी काही टेप केलं नव्हतं. १९६२ च्या नोव्हेंबरात तो बोटीनं मुंबईहून गेला, लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरला आणि महिन्याभरात त्या शतकातल्या सर्वांत कडक हिवाळ्यांपैकी एकात सापडला. नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून मार्चपर्यंत बर्फ हललं नाही. लग्नाला सहा महिने झालेले, मामी सांगलीत सासू-सासऱ्यांकडे. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधली खोली, एक शिलिंग टाकला की थोडा वेळ चालणारी गॅसची शेगडी, आणि शेजारच्या खोलीतल्या आयरिश डॉक्टरचा ट्रान्झिस्टर. टेपरेकॉर्डर घ्यायला पैसे नव्हते. जे होते ते घरी पाठवायचे. या एलपी त्यानं घेतल्या त्या वीस-पंचवीस वर्षांनी, एकेक करून, रेकॉर्डच्या बाजारांत हिंडून.

का घेतल्या, ते मला मार्चमधल्या एका संध्याकाळी कळलं. वीज गेली होती, म्हणून मी कव्हरं टॉर्चच्या उजेडात पुसत होते. प्रकाश तिरका पडला आणि पांढऱ्या पाठीवर काहीतरी चमकलं. पेन्सिल. इतकी फिकट की समोरून दिसतच नव्हती. प्रत्येक कव्हराच्या मागे मामाच्या सरळ, डॉक्टरला न शोभणाऱ्या स्वच्छ अक्षरात तारखा होत्या, देवनागरी आकड्यांत. कुठला कार्यक्रम कधी लागला होता त्या. हाउलेटच्या पुस्तकावरून उतरवलेल्या असणार. ते पुस्तक मी स्वतःच त्या चॅरिटी शॉपला देऊन आले होते. आणि प्रत्येक तारखेपुढे खूण.

'२६ जाने. ६३, शनि. ऐकलं. बर्फ. मायकेलचा रेडिओ.'

त्या वर्षी उन्हाळ्यात 'पॉप गो द बीटल्स' ही मालिका लागायची, मंगळवारी संध्याकाळी पाचला, जूनपासून सप्टेंबरपर्यंत. पंधरा मंगळवार. मी मोजले. चारांपुढे टिक होती. दोनांपुढे प्रश्नचिन्ह. आणि नऊ ठिकाणी एकच शब्द, 'हुकलं'. काहींपुढे कारणही, 'हुकलं, ओपीडी', 'हुकलं, रात्रपाळीची झोप'. एकदा 'हुकलं, पोस्टात रांग'.

मी बराच वेळ टॉर्च धरून बसले. रेडिओवरचं हुकलं ते हुकलं, असा तो काळ. पुन्हा लावायची सोय नाही, कुणाकडे मागायची सोय नाही, आणि ज्यांच्याकडे ते असायला हवं होतं त्यांनी ते पुसून टाकलेलं. नऊ मंगळवार त्यानं पन्नाशीत परत मिळवले, प्रत्येकी काही पाउंड मोजून, कोऱ्या लेबलाच्या रेकॉर्डवरून. तिथेच तो त्याची बस-तिकिटाची सगळी नीती बाजूला ठेवून बसला होता.

शेवटच्या कव्हरावर शेवटची तारीख होती, '७ जून ६५, सोम., सुट्टी'. बीबीसीवरचा त्यांचा अखेरचा खास कार्यक्रम. पुढे टिक, आणि त्यापुढे दोन शब्द, 'हिच्याबरोबर ऐकलं.'

दुसऱ्या दिवशी मामीला फोन केला. तिला ते वाचून दाखवलं. पलीकडे काही वेळ नुसता लेकीच्या घरातल्या टीव्हीचा आवाज येत राहिला.

"कसलं बरोबर," मामी म्हणाली. "मला येऊन तीन महिने झाले होते. मी टेबलाशी बसून आईला पत्र लिहीत होते. मला काय कळत होतं त्यातलं? आवाज बारीक करा म्हणाले मी. केला त्यांनी. रेडिओला कान लावून बसले मग."

टीव्ही बंद झाला.

"अजून काय काय लिहिलंय गं ह्यांनी?"

मी पहिल्यापासून वाचायला लागले. जानेवारीतलं बर्फ वाचलं. जूनपर्यंत आले. '४ जून ६३, मंगळ. हुकलं.' याच्यापुढे कारण नव्हतं.

"थांब जरा," ती म्हणाली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कपाटाचं दार, मग पत्र्याचं झाकण निघताना होतो तो आवाज. बिस्किटांचा डबा. निळ्या एरोग्रॅमचा तो गठ्ठा मी आवरताना पाहिला होता आणि विचारलं होतं, हा कुठे ठेवायचा, तर तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला होता. आता पातळ कागद उलगडल्याची कुरकुर फोनमध्ये येत होती, रेकॉर्डच्या खरखरीपेक्षा थोडी वरच्या पट्टीत.

"हे बघ, सहा जूनचं आहे. चष्मा... हां. लिहितात, 'परवा मंगळवारी एका आजींचा हात प्लास्टरमध्ये घालायला अडीच तास लागले, त्या सोडतच नव्हत्या मला, त्यांचा मुलगा युद्धात हिंदुस्थानात होता म्हणे.'" ती थांबली. कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

"हं. पुढची तारीख सांग."

"अकरा जून. मंगळवार. हुकलं, ओपीडी."

"अकरा जून," ती स्वतःशी म्हणाली, आणि पुन्हा कागद वाजले.